मुलांच्या हाती कोणती कादंबरी द्यावी?

(कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘शेतमालाचे भाव’ आणि ‘असंघटित कामगारांचे कायदे’ या दोन विषयांच्या मध्ये ‘मुलांच्या कादंबऱ्या’ हा विषय पाहून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. सकाळी चहाच्या वेळी एका मित्राने मला विचारलेही, ‘‘गुरुजी, एवढे प्रश्न पेटलेले असताना गोष्टीची पुस्तके कशाला?’’ प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर देण्याआधी मला एक कबुली द्यावयाची आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही काही मित्रांनी एका कामगारवस्तीत मुलांसाठी वाचनालय काढले. वाचनालय म्हणजे एक पत्र्याची पेटी आणि समाजमंदिराचा ओटा. पेटीत काय घालावयाचे हे मी ठरवले. थोरांची चरित्रे, स्वच्छतेवरील पुस्तिका, अंधश्रद्धा कशी वाईट हे सांगणाऱ्या बोधकथा. पहिल्या रविवारी चाळीस मुले आली. महिन्याभराने सहा उरली. त्या सहांत एक अकरा-बारा वर्षांची मुलगी होती. तिने एकदा पेटी खालपर्यंत उपसली आणि मला विचारले, ‘‘ज्याच्यात शेवटी काही शिकवलेलं नाही असं एखादं आहे का?’’ मी तिला वाचनाचे महत्त्व समजावून सांगितले. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्यानंतर ती कधीच आली नाही.

ती मुलगी आळशी नव्हती, तिला करमणुकीचे व्यसनही नव्हते. शाळेत शिक्षक शिकवीत होते, घरी आईबाप बजावीत होते, आणि तिसरीकडे आम्ही तेच करीत होतो. तिला असे एक ठिकाण हवे होते की जेथे कोणी तिच्याकडून काही मागणार नाही. ते आम्ही तिला दिले नाही. शाळेचा तास संपला की संपन्न घरातील मुलाला असे ठिकाण मिळते, कारण त्याच्या घरी पुस्तकांचे कपाट असते. गरिबाच्या मुलाच्या वाट्याला मात्र उपयुक्त तेवढेच यावे, ही समजूत आपण नकळत मान्य केली होती. समतेच्या गोष्टी बोलणाऱ्यांकडून झालेली ही विषमता आहे. म्हणून हा विषय या व्यासपीठावर यावयास हवा.

कादंबरीच का, असेही कोणी विचारील. गोष्ट अर्ध्या तासात संपते. कादंबरी आठ-दहा दिवस मुलाबरोबर राहते. तेवढे दिवस ते मूल एका परक्या माणसाच्या अडचणी डोक्यात घेऊन शाळेत जाते, पाणी भरते, झोपते. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहण्याची ही सवय भाषणाने लागत नाही. आणि ती सवय नसेल तर पुढे आपण सांगतो ते समाजवादाचे तत्त्वज्ञान म्हणजे नुसती पाठ केलेली वाक्ये ठरतात.

आता प्रत्यक्ष पुस्तकांकडे वळू. नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी मी पहिले नाव घेतो ते भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचे. फुरसुंगीहून पुण्याला शिकावयास आलेला, काडीसारखा बारीक, सायकलवर भरधाव फिरणारा हा मुलगा १९७० च्या दशकात पुस्तकरूपाने आला आणि आजही मुले त्याला सोडीत नाहीत. यात सामाजिक आशय कोठे आहे, असा प्रश्न मला आपल्यातल्याच मंडळींनी केला आहे. माझे उत्तर असे की, ज्या मुलाला पहिले संपूर्ण पुस्तक वाचून संपविल्याचा अभिमान मिळावयाचा आहे, त्याला आधी वेगवान पुस्तक द्या. पोहावयास शिकविताना आपण नदीचा इतिहास सांगत नाही.

दुसरे पुस्तक जर्मन आहे. एरिख केस्टनर यांची ‘एमिल आणि गुप्तहेर’ ही कादंबरी १९२९ सालची. एमिलची विधवा आई केस धुण्या-विंचरण्याचा व्यवसाय करून संसार चालविते. तिने साठविलेले एकशे चाळीस मार्क घेऊन तो बर्लिनला आजीकडे निघतो आणि आगगाडीत झोप लागली असता ते पैसे चोरीस जातात. गावातल्या पुतळ्याला रंग फासल्याची एक खोडी मनात सलत असल्यामुळे तो पोलिसांकडे जाण्यास भितो. मग बर्लिनची अनोळखी मुले एकत्र येतात, पैसे जमवितात, कामे वाटून घेतात आणि चोराचा माग काढतात. या मुलांत धाकटा डीनस्टाग नावाचा एक मुलगा आहे. त्याच्याकडे काम येते ते घरी टेलिफोनपाशी बसून निरोप घेण्याचे. सगळी धमाल रस्त्यावर चालली आहे आणि हा मात्र जागचा हलत नाही. शेवटी एमिलची आजी कौतुक करते ते त्याचे. मोर्चाच्या दिवशी कार्यालयात बसून राहणारा जो कार्यकर्ता असतो, त्याची ही गोष्ट आहे असे मला नेहमी वाटत आले आहे. पण मुलांना हे सांगू नका. त्यांना ते कळते.

अकरा-बाराच्या पुढे ‘पाडस’ द्यावे. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या १९३८ सालच्या अमेरिकन कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला हा अनुवाद मूळ मराठीच पुस्तक वाटावे इतका आपला झाला आहे. फ्लॉरिडाच्या रानात कष्टाने शेती करणारे एक कुटुंब, त्यातला एकुलता मुलगा ज्योडी, आणि त्याने जीव लावून वाढविलेले हरणाचे पाडस. पाडस मोठे होते आणि उभे पीक खाऊ लागते. पीक गेले तर घर उपाशी राहणार. शेवट मी सांगत नाही. भूक आणि माया यांच्यामध्ये सापडलेल्या मुलाला लेखिकेने सोपी सुटका दिलेली नाही. शेतकऱ्याच्या मुलाला हे पुस्तक परके वाटत नाही. शहरातल्या मुलाला मात्र ते एक मोठे सत्य सांगते, की शेतीतल्या माणसाला प्रेम करण्याचीही किंमत मोजावी लागते.

याच वयासाठी शांता शेळके यांनी मराठीत आणलेली ‘चौघीजणी’ आहे. लुइसा मे आल्कॉट यांचे मूळ पुस्तक १८६८ सालचे. बाप यादवी युद्धावर गेलेला, घरात चार मुली आणि आई. त्यातली ज्यो लिहिते, भांडते, चुकते आणि आईच्या प्रवासखर्चासाठी स्वतःचे केस विकून येते. हे मुलींचे पुस्तक म्हणून मुलग्यांपासून दूर ठेवू नका. मुलींनी आजवर मुलग्यांच्या साहसकथा निमूट वाचल्या, आता मुलग्यांनी मुलींचे घर आतून पाहावे.

तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ ही खरे तर कादंबरी नव्हे, त्या आठवणी आहेत. पण मुले ते कादंबरीसारखेच वाचतात. एका शाळेने काढून टाकलेली मुलगी आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या दुसऱ्या शाळेत येते आणि तेथील मुख्याध्यापक कोबायाशी तिचे म्हणणे तासन् तास ऐकून घेतात. १९४५ च्या बाँबवर्षावात ती शाळा जळाली. हे पुस्तक मुलांनी वाचावे, आणि त्यांच्या आधी आपल्यातल्या शिक्षकांनी वाचावे.

आता ‘श्यामची आई’. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ती अवघ्या पाच दिवसांत लिहिली. आपल्यापैकी अनेकांचे मन या पुस्तकावर घडले आहे, म्हणूनच तिच्याविषयी मोकळेपणाने बोलले पाहिजे. आजची तरुण कार्यकर्ती म्हणते की, यात आईचा त्याग एवढा गौरविला आहे की मुलींनी सोसतच राहावे असा अर्थ निघतो. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. मी एकदा मुलांपुढे हे पुस्तक वाचीत असता एका मुलीने विचारले, ‘‘अक्काच्या लग्नाची गोष्ट यात आहे, मग तिच्या शाळेची का नाही?’’ माझ्यापाशी उत्तर नव्हते. पण त्याच पुस्तकातील आई श्यामला एका अस्पृश्य म्हातारीची मोळी उचलून देण्यास पाठविते, आणि तो संस्कार घेऊन वाढलेला माणूस १९४७ साली पंढरपूरच्या मंदिराचे दार हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषणास बसतो. सावकाराच्या माणसाने दारात येऊन केलेला अपमान हे पुस्तक जसा दाखविते, तसा कर्जबाजारीपणावरचा आपला कोणताही ठराव दाखवू शकलेला नाही. म्हणून ते पुस्तक द्यावे, पण पूजेसाठी नव्हे. त्या मुलीने विचारले तसे प्रश्न मुलांना विचारू द्यावेत. गुरुजींना त्याचा राग आला नसता.

तेरा-चौदाच्या पुढे मुलांसाठी म्हणून वेगळे कपाट ठेवण्याचे कारण नाही. माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ द्यावी. दुष्काळात रिकामी होत जाणारी धनगरांची वाडी आणि तिथला तो पोरसवदा मास्तर त्यांना समजतो. मिलिंद बोकील यांची २००४ सालची ‘शाळा’ द्यावी. नववीतल्या मुलाचे पहिले प्रेम आणि त्याच्याभोवतीची १९७५ ची आणीबाणी ही दोन्ही त्यात आहेत. ‘प्रेमाची गोष्ट मुलांना कशी द्यावयाची’ म्हणून पालक कुरकुरतात. आणीबाणीच्या आठवणी आपण त्यांना दरवर्षी सांगतो आणि ती जांभया देतात. या पुस्तकात ती आपल्या वयाच्या मुलाच्या डोळ्यांनी तो काळ पाहतात. अरुण साधूंची ‘झिपऱ्या’ही याच वयाला द्यावी. मुंबईच्या लोकल गाड्यांच्या स्टेशनांवर बूटपॉलिश करणाऱ्या मुलांचे जग त्यात आहे, आणि त्या मुलांची कीव करावी असे त्यात कोठेही सुचविलेले नाही.

येथे एक उणीव सांगितलीच पाहिजे. मी घेतलेली नावे पुन्हा मोजा. मराठी बालवाङ्मयात मध्यमवर्गीय घर, शहरातली शाळा आणि सुट्टीतले साहस पुष्कळ आहे. पाड्यावरचे मूल, ऊसतोडीला आईबापांबरोबर जाणारे मूल, मोहल्ल्यातली मुलगी यांना नायकपद क्वचितच मिळते. दलित लेखकांनी आपले बालपण आत्मकथनांत लिहिले, पण ते मोठ्यांसाठी. वस्तीतल्या मुलाला आपल्यासारखे कोणी पुस्तकात भेटत नसेल, तर पुस्तके ही दुसऱ्यांची वस्तू आहे असे त्याने समजल्यास दोष कोणाचा? आपल्यातल्या लिहिणाऱ्यांनी हे काम अंगावर घ्यावे. मात्र पत्रके लिहिण्याच्या हाताने कादंबरी लिहू नये.

हे शेवटचे वाक्य काहींना टोचेल, म्हणून थोडे अधिक बोलतो. आपलीच मते सांगणारी पुस्तके मुलांना द्यावीत, असा एक विचार चळवळींत नेहमी असतो. १९९१ पर्यंत सोव्हिएत रशियातून छापून येणारी सुबक, स्वस्त पुस्तके मराठी मुलांच्या हाती पडत होती. तो देश गेला, पुस्तके यावयाची थांबली. आज चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांना त्यातले काय आठवते हे विचारून पाहा. व्हिक्टर द्रागून्स्की यांचा देनिस हा मॉस्कोतला खट्याळ मुलगा आठवतो. कोणत्या योजनेत किती पोलाद निघाले हे कोणालाच आठवत नाही.

आणि याची दुसरी, अधिक भयंकर बाजूही आहे. एमिलची गोष्ट लिहिणाऱ्या केस्टनर यांची पुस्तके नाझींनी १० मे १९३३ रोजी बर्लिनच्या चौकात जाळली, तेव्हा ते स्वतः त्या गर्दीत उभे राहून पाहत होते. पोलंडचे डॉक्टर यानुश कोर्चाक यांनी १९२३ साली ‘राजा मॅट’ ही कादंबरी लिहिली. त्यात एक बालराजा मुलांची संसद स्थापन करतो, सुधारणा करावयास जातो आणि मोठ्या चुका करतो. तिच्यातील आफ्रिकेचे चित्रण त्या काळच्या पूर्वग्रहांचे आहे, ते वाचताना मुलांशी बोलले पाहिजे. परंतु चांगल्या हेतूनेही राज्य कसे फसते हे इतक्या प्रामाणिकपणे मुलांना सांगणारे दुसरे पुस्तक मला माहीत नाही. इंग्रजीवरून मी ती गोष्ट मुलांना मराठीत सांगत आलो आहे. वॉर्सात कोर्चाक अनाथाश्रम चालवीत, तेथे मुलांचे स्वतःचे न्यायालय होते. ऑगस्ट १९४२ मध्ये आश्रमातील सुमारे दोनशे मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेण्यात आले. स्वतःची सुटका करून घेण्याची संधी नाकारून कोर्चाक त्यांच्याबरोबर गेले. मुलांना फसवू नये, हे त्यांनी पुस्तकातही पाळले आणि जगण्यातही.

आता थोडे व्यवहाराचे. १९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली ग्रंथालये गावोगाव आहेत आणि त्यांच्या कार्यकारिणीवर आपली माणसे आहेत. बालविभागाचे कपाट कुलूपबंद असते काय, हे त्यांनी परतल्यावर पहिल्यांदा पाहावे. पुस्तके फाटतील, हरवतील, ते सोसावे. न फाटलेले पुस्तक म्हणजे न वाचलेले पुस्तक. ज्यांना अक्षर जड जाते अशा मुलांसाठी रोज वीस मिनिटे मोठ्याने वाचावे आणि रंगलेल्या जागी थांबावे. मुलांच्या हातात मोबाइल आहे म्हणून रडू नये, आपल्याही हातात तो आहेच. वाचून झाल्यावर तात्पर्य विचारू नये. मूल काही बोललेच तर ऐकावे.

एवढ्याने क्रांती होणार नाही हे मला ठाऊक आहे. परंतु ज्या मुलीला मी महत्त्व समजावून सांगत बसलो, ती आज चाळिशीच्या घरात असेल. तिला मुले असतील. त्यांच्या वस्तीत आपल्यापैकी कोणी पेटी घेऊन जाईल, तेव्हा त्या पेटीत वरच ‘एमिल’ किंवा ‘पाडस’ असावे, आणि पेटी उघडणाऱ्याने बाजूला गप्प बसावे, एवढीच माझी विनंती आहे.