हूल्यो तेयो : पेरूच्या पूर्वेतिहासाचा शोधक
(शिक्षक-संमेलनातील व्याख्यान)



पेरू हा शब्द वर्गात उच्चारला तर मुलांच्या डोळ्यांपुढे फळ येते, देश येत नाही. यात मुलांचा दोष नाही. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील हा देश भूगोलाच्या पुस्तकात एखाद-दुसऱ्या ओळीत येतो आणि जातो. तथापि त्या भूमीचे एक देणे आपल्या प्रत्येकाच्या घरी आहे. एकादशीला जो बटाटा आपण निःशंकपणे खातो, त्याची लागवड माणसाने हजारो वर्षांपूर्वी प्रथम केली ती अँडीज पर्वताच्या उंच प्रदेशात. ती करणारे लोक कोण होते, त्यांनी काय बांधले, काय विणले, आपल्या मृतांना कसे पुरले, हे शोधून काढण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या डॉ. हूल्यो तेयो यांच्या चरित्राचा विचार आज करावयाचा आहे. मानवशास्त्र आणि पुरातत्त्व या दोन्ही विद्यांचे ते पेरूमधील आद्य अभ्यासक होत.

तेयो यांचा जन्म ११ एप्रिल १८८० रोजी वारोचिरी या डोंगरी गावी झाला. राजधानी लिमाच्या पूर्वेस अँडीजच्या उतारावर हे गाव आहे. कुटुंब शेतकऱ्याचे, मूळ रहिवाशांच्या रक्ताचे. त्या काळी पेरूमध्ये सत्ता, जमीन आणि विद्या ही तिन्ही मुख्यतः स्पॅनिश वंशजांच्या हाती होती. डोंगरातल्या ‘इंडियन’ माणसाने खाणीत वा मळ्यात राबावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असे. अशा स्थितीत वडिलांनी सुमारे तेरा वर्षांच्या हूल्योला लिमास शिकावयास आणून ठेवले. १८९५ मध्ये वडील वारले. गावी परतणे सोपे होते. पण मुलाने वर्तमानपत्रे विकली, प्रवाशांचे सामान वाहिले आणि शाळा सोडली नाही. त्याच्या वर्गात रिकार्दो पाल्मा या नामवंत साहित्यिकाचा मुलगा होता. पाल्मा हे राष्ट्रीय ग्रंथालयाचे प्रमुख. त्यांनी या मुलास प्रथम किरकोळ कामे दिली आणि पुढे ग्रंथालयातच नोकरी दिली. पुढे जे घडले त्याला ही नोकरी कारण झाली.

तेयो तेव्हा सान मार्कोस विद्यापीठात वैद्यकाचे विद्यार्थी होते. ग्रंथालयात काम करीत असता वॉशिंग्टनहून आलेला एक इंग्रजी अहवाल त्यांच्या हाती पडला. विषय होता पेरूतील प्राचीन लोकांनी केलेली कवटीवरील शस्त्रक्रिया. मुनीझ नावाच्या लिमातील डॉक्टरांनी जमविलेल्या कवट्यांची चित्रे त्यात छापली होती. चित्रे पाहता पाहता तेयो थबकले. त्यांतील काही कवट्या त्यांनी पूर्वी पाहिल्या होत्या. वारोचिरीच्या आसपासच्या जुन्या थडग्यांतून त्या निघाल्या होत्या आणि वडील गावचे अधिकारी असताना, वरून हुकूम आल्यावरून, त्यांनीच त्या लिमाकडे रवाना केल्या होत्या. लहानपणी घरात पाहिलेली हाडे परदेशी विद्वानांच्या ग्रंथात सन्मानाने बसली होती.

या प्रसंगाचा नीट विचार करावा. ज्या मुलास शहरात आपले गाव सांगावयास संकोच वाटावा अशी परिस्थिती होती, त्यास ग्रंथाने सांगितले की तुझे गाव हा जगाच्या अभ्यासाचा विषय आहे. मात्र तो अभ्यास करणारे आजवर बाहेरचे होते. गावाने फक्त माल पुरविला होता.

तेयो सुट्टीत वारोचिरीला गेले आणि स्वतः कवट्या गोळा करू लागले. डॉक्टरी शिक्षणाचा त्यांना येथे फार उपयोग झाला. कवटीला पडलेले भोक शस्त्राने पाडले आहे की मारामारीत पडले आहे, हे कडांवरून कळते. भोकाच्या कडा गुळगुळीत झाल्या असतील आणि नवे हाड आलेले दिसत असेल, तर रोगी शस्त्रक्रियेनंतर जगला असे निश्चित समजावे; कडा तीक्ष्ण राहिल्या असतील तर तो लवकरच दगावला. १९१२ मध्ये लंडन येथील परिषदेत त्यांनी या विषयावर निबंध वाचला. त्यांनी तपासलेल्या कवट्यांपैकी निम्म्याहून अधिक रोगी वाचलेले होते. क्लोरोफॉर्म नाही, पोलादी शस्त्र नाही, आणि तरीही! ज्यांना रानटी म्हणून हिणविले जात होते त्यांच्या पूर्वजांचे हे कौशल्य होते.

त्याआधी १९०८ साली पेरूतील उपदंशाच्या प्राचीनत्वावर प्रबंध लिहून ते वैद्यकाचे पदवीधर झाले होते. शिष्यवृत्ती मिळून ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले आणि १९११ मध्ये तेथे मानवशास्त्राची एम्. ए. पदवी त्यांनी घेतली. त्यांचा कवट्यांचा मोठा संग्रहही हार्वर्डकडेच गेला. पुढे ज्या माणसाने देशाचा पुराणवस्तू-ठेवा देशाबाहेर जाऊ नये म्हणून जन्मभर झुंज दिली, त्याच्याच पहिल्या संग्रहाची ही कथा आहे. ती लपविण्याचे कारण नाही.

१९१३ मध्ये ते मायदेशी परतले तेव्हा पेरूच्या पुरातत्त्वात माक्स ऊले या जर्मन पंडिताचा शब्द प्रमाण होता. आणि ते योग्यही होते. पाचाकामाक येथे १८९६ मध्ये उत्खनन करून, मातीच्या थरांच्या आधारे, इंका राजवटीपूर्वीही येथे अनेक संस्कृती होऊन गेल्या हे ऊले यांनीच सिद्ध केले. परंतु या उच्च संस्कृतींचा उगम मध्य अमेरिकेत असून तेथून त्या समुद्रकिनाऱ्यावर आल्या, असे त्यांचे मत होते. तेयो यांना हे मान्य नव्हते. संस्कृती बाहेरून आली नाही, ती याच भूमीत, डोंगरात वाढली, हा त्यांचा आग्रह. आग्रह म्हणजे पुरावा नव्हे, हे त्यांनाही ठाऊक होते. पुरावा शोधण्यास ते निघाले.

१९१९ साली विद्यापीठाच्या मोहिमेबरोबर ते उत्तरेकडील डोंगर ओलांडून चाविन दे वांतार येथे पोचले. समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरांहून अधिक उंचीवर दोन नद्यांच्या संगमाशी हे प्राचीन देवालय आहे. आत अंधारे बोळ आणि त्यांच्या मध्यभागी सुमारे साडेचार मीटर उंचीची, सुळे दाखविणारी कोरीव शिळा. हे स्थळ अज्ञात होते असे नाही. एका शेतकऱ्यास शेतात मिळालेली येथील एक कोरीव शिळा त्याने घरात मेज म्हणून वापरली होती व रायमोंदी या प्रवाशाने ती १८६० मध्ये तेथे पाहिली होती. लोकांनी पाहिले होते, वाचले नव्हते. तेयो यांनी कोरीवकामातील प्राणी एकेक करून ओळखले : जॅग्वार वाघ, मोठा सर्प, मगरीच्या जातीचा केमन. हे प्राणी त्या थंड उंचीवर राहत नाहीत. ते राहतात पर्वताच्या पलीकडे, पूर्वेच्या उष्ण अरण्यात. मग हे देव कोठून आले? पाषाणावर जे प्राणी आहेत त्यांचा माग अरण्याकडे जातो, मध्य अमेरिकेकडे नव्हे, असे त्यांनी प्रतिपादिले. तेच सुळ्यांचे मुख दूरदूरच्या दऱ्यांतील आणि किनाऱ्यावरील मडक्यांवरही आढळले, तेव्हा चाविन ही पेरूच्या साऱ्या संस्कृतींची माता होय, असा सिद्धांत त्यांनी मांडला.

तेयो केवळ दगडांकडे पाहत नव्हते. १९२३ मध्ये प्रोस्पेरो मिरांडा यांच्यासह त्यांनी वारोचिरी भागातील जुन्या धार्मिक विधींचे वर्णन प्रसिद्ध केले. पाण्याचे पाट साफ करण्याच्या वेळी गावकरी जे उत्सव करतात, ज्या देवांना आळवितात, त्यांची ही नोंद आहे. जिवंत माणसांच्या चालीरीती समजल्या म्हणजे मृतांच्या वस्तू बोलू लागतात, अशी त्यांची श्रद्धा होती.

आता पाराकासकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी लिमाच्या व्यापाऱ्यांकडे अपूर्व भरतकामाची जुनी वस्त्रे विक्रीस येऊ लागली. ती कोठून येतात हे कोणी सांगेना. जुनी थडगी खणून वस्तू विकणाऱ्यास त्या देशात ‘वाकेरो’ म्हणतात. तेयो यांनी वाकेरोंशीच ओळख वाढविली. त्यांच्यापैकी हुआन किंताना याने जुलै १९२५ मध्ये त्यांना पिस्को गावाजवळच्या पाराकास द्वीपकल्पावर नेऊन जागा दाखविली. गवताचे पातेही नसलेले, वाऱ्याने सतत वाळू उडणारे ते वाळवंट; पण त्या कोरडेपणामुळेच दोन हजार वर्षांपूर्वीचा सूत कुजला नव्हता. प्रथम मिळालेल्या खोल थडग्यांत शस्त्रक्रिया केलेल्या आणि बालपणी बांधून लांबट केलेल्या कवट्या निघाल्या. विद्यार्थिदशेतला विषय असा पुन्हा समोर आला.

ऑक्टोबर १९२७ मध्ये तेथेच वारी कायान येथे दफनभूमी सापडली. तोरिब्यो मेहिया खेस्पे या डोंगरी सहकाऱ्याच्या देखरेखीखाली तेथून ४२९ गाठोडी बाहेर काढण्यात आली. प्रत्येक गाठोड्यात एक मनुष्य, गुडघे छातीशी घेऊन टोपलीत बसविलेला. त्याभोवती जाड सुती कापडाचे थर आणि थरांमध्ये भरजरी म्हणावीत अशी वस्त्रे : अंगरखे, शिरपट्ट्या, माणूसभर लांबीच्या शाली. शालींवर लोकरीच्या रंगीत धाग्यांनी भरलेल्या शेकडो आकृती : मुखवटे घातलेले नर्तक, उडणारी माणसे, पक्षी, मासे. रंग असे की जणू परवाच धागा रंगविला आहे. काही शाली अर्धवट राहिलेल्या आहेत. सुई जेथे थांबली ते स्थान आजही दाखविता येते.

वाकेरोने हेच गाठोडे उकलले असते तर काय झाले असते? वरची चांगली शाल विकली गेली असती, हाडे वाऱ्यावर पडली असती, आणि कोणती शाल कोणाच्या अंगावर, कोणत्या थरात, कोणत्या मडक्याशेजारी होती हे कायमचे नष्ट झाले असते. तेयो व त्यांचे सहकारी प्रत्येक गाठोड्यास क्रमांक देत आणि उकलताना थराथराची नोंद करीत. त्या नोंदींवरूनच कोणास मोठ्या सन्मानाने पुरले आणि कोणास साध्या कापडात, हे आज कळू शकते. गावाच्या पांढरीतून खापर वा नाणे उचलून आणणाऱ्या विद्यार्थ्यास ‘कोठे मिळाले?’ हा प्रश्न पहिला विचारावा तो याचसाठी.

१९१७ पासून तेयो वारोचिरीतर्फे संसदेत निवडून आले होते. पुराणवस्तू राष्ट्राच्या मालकीच्या ठरविणारा १९२९ चा कायदा घडविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. परंतु राजकारणाने दिले तसे घेतलेही. अध्यक्ष लेगिया यांच्या पक्षात ते होते. १९३० मध्ये लेगिया पदच्युत झाले आणि तेयो यांनाही संग्रहालयाच्या संचालकपदावरून दूर करण्यात आले. पाराकासचे काम थांबले. मग वाळवंटात पुन्हा वाकेरो उतरले. १९३० नंतरच्या त्या काही वर्षांत अनेक वस्त्रे चोरून देशाबाहेर गेली. त्यांपैकी काही स्वीडनमधील गोटेनबर्ग शहराच्या संग्रहालयात पोचली. ती परत करण्यास त्या शहराने २०१४ मध्ये प्रारंभ केला. वस्त्रे परतली, पण ज्या थडग्यांतून ती ओढून काढली त्यांची नोंद कोणाकडेच नाही.

पद गेले तरी तेयो थांबले नाहीत. १९३७ मध्ये कास्मा खोऱ्यात सेचीन येथे योद्धे व छिन्नविच्छिन्न देह कोरलेल्या शिळांची भिंत त्यांनी उजेडात आणली. पुढे पाचाकामाक येथे काम केले, लिमात मानवशास्त्राचे संग्रहालय उभारले. १७ जानेवारी १९४५ रोजी डोंगरावरून आलेल्या चिखल-पाण्याच्या लोंढ्याने चाविनचे देवालय गाडले गेले. ज्या स्थळावर त्यांनी पंचवीस वर्षे विचार केला होता ते चिखलाखाली गेलेले त्यांना पाहावे लागले.

त्यांच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. स्वभाव भांडखोर होता. खणले पुष्कळ, छापले थोडे. पाराकासवरचा ग्रंथ त्यांच्या हयातीत निघालाच नाही. त्याचा पहिला भाग १९५९ मध्ये आणि दुसरा १९७९ मध्ये निघाला, तोही मेहिया खेस्पे यांच्या चिकाटीमुळे. चाविन ही सर्वांची माता, हे मतही टिकले नाही. कार्बनच्या साहाय्याने काळ मोजण्याची रीत १९४९ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर आली. तिच्या आधारे किनाऱ्याजवळच्या काराल येथील भव्य चौथरे इ. स. पूर्व २६०० च्या सुमाराचे, चाविनहून हजार वर्षांहून अधिक जुने, ठरले. सेचीनही त्यांनी मानले त्याहून जुने निघाले. पण ही सारी स्थळे पेरूच्याच मातीतली आहेत. संस्कृती बाहेरून आयात झाली नाही, हा जो त्यांच्या वादाचा गाभा होता, तो खरा ठरला.

३ जून १९४७ रोजी तेयो यांचे लिमा येथे निधन झाले. त्यांनीच उभारलेल्या संग्रहालयाच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले. कागदपत्रे त्यांनी सान मार्कोस विद्यापीठास दिली होती. १९१९ च्या मोहिमेत चाविनहून लिमास नेलेला, केमनाची आकृती कोरलेला अडीच मीटर उंचीचा स्तंभ आज ‘तेयो स्तंभ’ या नावाने ओळखला जातो. चाविन गावात नवे संग्रहालय झाल्यावर, २००८ मध्ये, तो पुन्हा डोंगर चढवून त्या गावी नेण्यात आला, आणि तेथील शाळेची मुले आता तो आपल्याच गावात पाहतात.