मधमाशीचा हिवाळा

(ज्युबिलीच्या वर्षीं, डिसेंबर महिन्यांत, धर्मग्रामांतील मधुपालक मंडळींपुढें धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या कमिटीनें मजकडे एक काम सोंपविलें आहे, आणि तें हातीं घेण्यापूर्वींच त्याविरुद्ध बोलण्याची परवानगी मी आपणांपाशीं मागत आहें. कमिटीची इच्छा अशी कीं, आपल्या पेट्यांतील मध नाताळापूर्वीं काढावा, त्याच्या लहान लहान बाटल्या भराव्या आणि ज्युबिलीस येणाऱ्या पाहुण्यांस त्या भेट द्याव्या. कल्पना गोड आहे, प्रत्यक्ष मधाहूनही गोड आहे. परंतु ती अमलांत आणिली तर फेब्रुवारीपर्यंत आपल्यापैकीं पुष्कळांच्या पेट्या रिकाम्या पडतील, असें मला वाटतें. कां वाटतें, तेंच आज सांगावयाचें आहे.

मधमाशांवरील बहुतेक जुनीं पुस्तकें थंड देशांत लिहिलेलीं आहेत. तेथें हिवाळा म्हणजे बर्फ. महिनेच्या महिने माशी दाराबाहेर पडत नाहीं, आणि एका पेटीस हिवाळा काढण्यासाठीं २० किलोहूनही अधिक मध मागें ठेवावा लागतो. आपल्या कोल्हापुरांत डिसेंबर-जानेवारींत पहाटे पारा १४-१५ अंशांपर्यंत उतरतो, क्वचित् त्याहून खालीं जातो. पण ऊन जरा तापूं लागलें कीं आपली सातेरी माशी कामाला लागते. तेव्हां तीं पुस्तकें वाचून पेट्यांना गोधड्या गुंडाळण्याचें कांहीं कारण नाहीं. आपल्या माशीचा खरा हिवाळा पावसाळ्यांत असतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भुदरगड, राधानगरी, आजरा, शाहूवाडी ह्या डोंगरी भागांत संततधार लागली म्हणजे फुलांतला मकरंद धुऊन जातो, माशीला उडतां येत नाहीं, आणि सारी वसाहत साठवणीवर जगते. दिवाळीच्या सुमारास जी पेटी आपण उघडतों, ती चार महिन्यांचा उपास काढून उठलेली असते. नुकता पथ्याचा भात सुरू झालेल्या आजाऱ्यापुढचें ताट ओढून घेणें आणि डिसेंबरांत मध काढणें, ह्यांत मला फारसा फरक दिसत नाहीं.

पेटीच्या आंत ह्या दिवसांत काय चाललेलें असतें तें पाहा. राणी अंडीं घालीत असते, आणि जेथें अंडीं व अळ्या आहेत तो पोळ्याचा भाग कामकरी माशा रात्रंदिवस ३४-३५ अंशांवर राखीत असतात. बाहेर १४ अंश असोत कीं २८ असोत, आंतल्या अळीला त्याचा पत्ताही लागत नाहीं. ही ऊब कोठून येते? माशी आपले पंख न हालवितां छातींतले उडण्याचे स्नायू तेवढे थरथरविते, आणि त्या थरथरीनें उष्णता उत्पन्न होते. ह्या चुलीचें सरपण म्हणजे मध. थंडीच्या रात्रीं तें अधिक जळतें.

आतां थोडा हिशेब करूं. आपल्याकडील मधाचा मोठा हंगाम जांभूळ फुलतो तेव्हां, म्हणजे मार्चच्या सुमारास सुरू होतो. पुढें हिरडा, गेळा हीं झाडें त्याला हातभार लावितात. अंडें घातल्यापासून कामकरी माशी बाहेर पडावयास सुमारें तीन आठवडे लागतात. त्यानंतरही दोन-तीन आठवडे ती घरांतच राहते. अळ्यांना भरविते, पोळें बांधते, झाडलोट करिते, आणि मग रानांत जाते. म्हणजे १५ मार्चला जांभळीच्या फुलोऱ्यावर बसणारी माशी जानेवारीच्या अखेरीस अंड्यांत असावी लागते. आणि तिला भरविणारी दाई ह्याच डिसेंबरांत घातलेल्या अंड्यांतून निघावी लागते. आज मध काढणें म्हणजे मार्चच्या मजुरांना जन्मापूर्वींच उपाशीं मारणें होय.

कोणी म्हणेल, "फादर, आमची पेटी तर उचलतां उचलत नाहीं." ठीक आहे. डोंगरांत कारवी सात-आठ वर्षांनीं एकदां फुलते. त्या वर्षीं तिच्या आसपासच्या पेट्या खरोखरच भरतात, आणि तेव्हां वरच्या मजल्यावरील पिकलेला, मेणानें बंद केलेला मध थोडासा घेण्यास माझी हरकत नाहीं. खालच्या, अळ्यांच्या मजल्यास मात्र कोणत्याही वर्षीं हात लावूं नये. आणि कारवीचें वर्ष नसेल तर जड पेटी पाहून आनंद मानावा व झांकण लावून घरीं जावें.

सातेरीचा स्वभावही ध्यानांत ठेवा. युरोपांतून आलेली मेलिफेरा माशी हाल सोसूनही बहुधा घर धरून राहते. सातेरी मानी आहे. अन्न संपलें, पोळ्याला मेणकिडा लागला, किंवा धन्यानें वरचेवर झांकण उघडून छळलें, तर एके दिवशीं राणीसह सारी वसाहत उठते आणि निघून जाते. मग आपण मुंग्यांना दोष देतों, शेजाऱ्याला देतों, आणि आपल्या मधाच्या बाटलीकडे पाहत नाहीं.

कोल्हापूरकरांना एक गोष्ट निराळी सांगितली पाहिजे, कारण ती कोणत्याही परदेशी पुस्तकांत सांपडणार नाहीं. हे दिवस गुऱ्हाळांचे आहेत. रसाचा वास सुटला कीं माशा फुलें सोडून तिकडे धांवतात. रसाच्या पिंपांत पडतात, काहिलींत पडतात, मळीवर बसून पाय चिकटून मरतात. गुळव्या काय करील? तो त्या झाऱ्यानें काढून टाकितो. ज्या माशा अळ्यांसाठीं पराग आणावयाच्या, त्याच अशा नाहींशा होतात, आणि पेटीचा धनी रोग शोधीत बसतो. सातेरी बहुतकरून एक-दीड किलोमीटरच्या आंतच हिंडते. म्हणून चालू गुऱ्हाळापासून दोन किलोमीटरांच्या आंत कोणीं पेटी ठेवूं नये. असेल तर ती रात्रीं दार बंद करून दूर न्यावी, आणि जवळ नव्हे, चांगली तीन-चार किलोमीटर न्यावी, नाहींतर माशा जुन्या जागीं परत येतात. गुऱ्हाळवाल्यांशीं बोलावें, भांडूं नये. काकवीचे डबे झांकून ठेवणें आणि सांडलेला रस धुऊन काढणें एवढें त्यांनीं केलें तरी पुष्कळ झालें.

ह्याच गुळाबद्दल दुसरी गोष्ट. उपाशी पेटीला खावयास द्यावें लागलें तर घरांत गूळ असतो, म्हणून गुळाचें पाणी देण्याचा मोह होतो. देऊं नका. कोल्हापूरचा गूळ माणसांस कितीही गोड लागो, माशीच्या पोटास त्यांतील न पचणारा अंश सोसत नाहीं, आणि तिला हगवण लागते. पांढरी साखर आणि तितकेंच पाणी घ्यावें, पाणी उकळून खालीं उतरावें, साखर विरघळवावी, आणि निवाल्यावर संध्याकाळीं तें पेटीच्या आंत ठेवावें. वर काटक्या टाकाव्या, म्हणजे माशा बुडत नाहींत. बाहेर थेंब सांडला तर शेजारच्या पेटीच्या माशा लुटीला येतात. बाजारचा मध तर मुळींच देऊं नये. त्याबरोबर दुसऱ्या वसाहतींचे रोग घरांत येतात.

बाकीची निगा थोडक्यांत सांगतों. पेटीचें तोंड पूर्वेकडे असावें, म्हणजे सकाळचें ऊन दारांत येतें. पाठीशीं वाऱ्याला आडोसा असावा. दार हिवाळ्यांत अरुंद करावें. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावे, आणि त्या वाट्यांत पाणी आहे कीं नाहीं तें पाहावें. कोरडी वाटी मुंगीला अडवीत नाहीं. पेटी ११ च्या आधीं व ३ च्या नंतर उघडूं नये, कारण थंड वाऱ्यानें अळ्या गारठतात. उघडली तर पांच मिनिटांत मिटावी. राणी दिसलीच पाहिजे असा हट्ट नको. ताजीं अंडीं दिसलीं म्हणजे राणी आहे असें समजावें. ज्या जुन्या काळ्या पोळ्यावर माशा बसत नाहींत तें काढून वितळवावें, तेथेंच मेणकिडा वाढतो. दोन दुबळ्या वसाहती असतील तर त्या एक कराव्या. दोन दुबळ्यांपेक्षां एक सशक्त वसाहत हंगामांत अधिक मध देते, जरी मोजतांना एक पेटी कमी भरते म्हणून आपल्याला वाईट वाटतें.

आग्या माशीविषयीं एकच विनंती. पाऊस संपला कीं ती उंच झाडांवर, पाण्याच्या टाक्यांवर आणि आपल्या चर्चसारख्या उंच इमारतींवर पोळीं धरिते. मशाली पेटवून तीं जाळूं नका. मुलांना खालून दगड मारूं देऊं नका. हंगाम संपल्यावर ती आपण होऊन निघून जाते.

जानेवारींत आपण सर्वांनीं पाटगांवास जावें, असा माझा विचार आहे. महाबळेश्वरजवळचें मांघर २०२२ सालीं देशांतील पहिलें 'मधाचें गांव' म्हणून जाहीर झालें. त्यामागून राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळानें तीच योजना आपल्या भुदरगड तालुक्यांतील पाटगांवांत आणिली, आणि २०२३ सालीं ह्या गांवास केंद्र शासनाच्या पर्यटन ग्रामांच्या स्पर्धेंत कांस्यपदकही मिळालें. तेथील शेतकऱ्यांच्या पेट्या रानाच्या काठाला आहेत. आपल्यांतील ज्यांना छंद म्हणून चार पेट्या संभाळावयाच्या आहेत त्यांनीं, ज्यांचें घर त्यावर चालतें त्यांच्यापाशीं तासभर बसावें. वही बरोबर न्यावी. कोणतें झाड केव्हां फुललें, पेटी केव्हां उघडली, किती चौकटी माशांनीं भरल्या होत्या, एवढें प्रत्येकानें तारखेसह लिहून ठेविलें तर पांच वर्षांत आपल्या परिसराचें फुलांचें पंचांग तयार होईल.

ह्या विद्येवर आम्हां धर्मगुरूंचा थोडा हक्क आहे, म्हणून बोललों. नर माशी फलित न झालेल्या अंड्यांतून होते हें १८४५ सालीं प्रसिद्ध करणारे झिर्झोन हे सायलेशियांतील कॅथॉलिक धर्मगुरु. सुट्या चौकटींची पेटी ज्यांनीं केली ते अमेरिकेचे लँगस्ट्रॉथ हे प्रॉटेस्टंट पाळक होते. आपल्या सातेरीच्या मापाची लहान पेटी १९११ ते १९१७ च्या दरम्यान दक्षिणेंत बेतणारे रेव्हरंड न्यूटन, ह्यांचें नांव त्या पेटीला अजून चिकटलेलें आहे. आणि मधुपालकांचे आश्रयदाते संत आंब्रोज, मिलानचे बिशप, ह्यांचा सण तर ७ डिसेंबरला, अगदीं ह्याच दिवसांत येतो.

तेव्हां कमिटीपुढें माझी सूचना अशी. पाहुण्यांना नाताळांत बाटलीऐवजीं एक चिठ्ठी द्यावी कीं, आपला मध झाडावर आहे, हंगाम होतांच पोंचेल. आणि पोळ्यांचें मेण सर्वांनीं जपून ठेवावें. पूर्वीच्या नियमाप्रमाणें पास्काच्या मेणबत्तींत बहुतांश मेण मधमाशीचेंच असावें लागे, आणि ईस्टरच्या आदल्या रात्रीं त्या मेणबत्तीपुढें जें स्तुतिगान होतें त्यांत आजही माशीचा उल्लेख येतो. एक किलो मेण करावयास माशांना सहा ते आठ किलो मध खर्चावा लागतो, असा सामान्य हिशेब आहे. म्हणून तुकडाही फेंकूं नका. जुन्या पोळ्यांचें वितळविलेलें मेण येत्या ईस्टरच्या मेणबत्तीसाठीं माझ्याकडे आणून द्यावें, मग तें मूठभर कां असेना.

येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर, ऊन चढल्यावर, आपण आवारांतील दोन पेट्या मिळून पाहूं. ज्यांना माशीची भीति वाटते त्यांनींही यावें, पण अत्तर लावून येऊं नये. मध काढण्याचें यंत्र मीं धुऊन कपाटांत ठेविलें आहे व कपाटास कुलूप लाविलें आहे. किल्ली जांभूळ फुलल्यावर मिळेल.