पूर आणि प्राथमिक शाळेची सिद्धता



कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. दोघींचा उगम महाबळेश्वरचा. एक वाईवरून येते, दुसरी पाटणच्या खोऱ्यातून. घाटमाथ्यावर पावसाची झड लागली, की एकीचे पाणी दुसरीला पुढे सरकू देत नाही. मग पाण्याला फूग येते, ते ओढ्यांच्या तोंडांतून मागे शिरते, आणि ज्या गावाच्या वेशीवरून नदी दिसतही नाही त्या गावाची वाट बंद होते. शाळेतील मुलाला खरा धोका बहुधा या ओढ्याचाच असतो.

२००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांचे महापूर सर्वांच्या स्मरणात आहेत. सांगलीला आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढले होते. कराडच्या वर कोयना धरणात सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी मावते. ते भरत आले म्हणजे दरवाजे उचलावे लागतात व तशी सूचना आधी दिली जाते. ती शाळेपर्यंत आपोआप पोहोचेल असे मात्र गृहीत धरू नये. मुख्याध्यापकांनी तलाठी व ग्रामसेवक यांच्याशी पावसाळ्यापूर्वीच बोलून ठेवावे.

पाऊस वाढला की शाळा लवकर सोडून द्यावी, अशी सर्वत्र रीत आहे. ही रीत तपासून पाहिली पाहिजे. आईबाप शेतावर, घराला कुलूप, आणि मध्ये ओढ्यावरचा फरशीपूल. अशा वेळी सात वर्षांचे मूल वर्गात अधिक सुरक्षित की वाटेवर? गुडघाभर वाहते पाणी मोठ्या माणसाचेही पाय उचलते. म्हणून कोणते मूल कोणता ओढा ओलांडून येते, याची यादी जूनमध्येच करावी. त्या मुलांना पालक न्यायला आल्याशिवाय सोडू नये. ओढा भरला असेल तर अलीकडच्या कोणत्या घरी त्यांची रात्रीची सोय होईल, हेही पालकांच्या सभेत ठरवावे. शाळेची इमारतच सखल जागी असेल, तर उंचावरचे देऊळ वा समाजमंदिर आधी मुक्रर करून मुलांना एकदा तेथवर चालवत न्यावे.

डोंगरकुशीतील शाळांचा प्रश्न निराळा. २२ जुलै २०२१ च्या रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून अनेकांचे प्राण गेले. जमिनीला नवी भेग पडणे, झाडे कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे ही लक्षणे मुलांना शिकवावीत. परिसर अभ्यासात याहून उपयुक्त पाठ क्वचितच सापडेल.

पूर आला की पूरग्रस्त शाळेतच येतात, आणि ते योग्यच आहे. पुष्कळ शिक्षक परगावाहून ये-जा करतात. म्हणून एक किल्ली गावातील जबाबदार माणसाकडे असावी. जनरल रजिस्टर मात्र आधीच उंच जागी, मेणकापडात बांधून ठेवावे. आजोबांच्या जन्मतारखेचा पुरावा कित्येक घरांना या एका वहीतच मिळतो. ती भिजली तर पुन्हा कोठून आणणार?

होडीविषयीही बोलले पाहिजे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी, माणसांनी खच्चून भरलेली होडी उलटली आणि त्यात लहान मुलेही दगावली. शिक्षक काठावर असतील, तर माणसे मोजून बसविण्याचे काम त्यांनी अंगावर घ्यावे. गुरुजींचा शब्द गावात अजून मानला जातो.

पाणी ओसरल्यावर शाळा भरविण्याची घाई नको. भिंती भिजून खचल्या आहेत काय, हे अभियंत्याकडून पाहून घ्यावे. बाकांखाली व कपाटांमागे साप असतात. साफसफाईला मुलांना लावू नये. आडाच्या पाण्यात औषध टाकल्याशिवाय ते पिण्यास देऊ नये. आणि शाळा भरल्याच्या पहिल्याच दिवशी कोणाची पुस्तके, कोणाचे दप्तर वाहून गेले, याची घरवार नोंद करून ती केंद्रप्रमुखांकडे धाडावी.