धूम्रपान आणि शस्त्रक्रियेची जखम



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला निमंत्रण दिले तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली होती. आम्ही विषय कळविला, तेव्हा चालकांपैकी एक वडीलधारे गृहस्थ सौजन्याने म्हणाले, ‘‘डॉक्टर, विषय महत्त्वाचा खरा, पण आमच्या मांडवात आयाबहिणी बसलेल्या असतात.’’ आम्ही त्यांना सांगितले, ‘‘त्या बसलेल्या असतात, म्हणूनच हा विषय निवडला.’’ स्त्रीच्या वक्षावर सौंदर्यासाठी किंवा सोयीसाठी जी शस्त्रक्रिया होते ती, आणि त्यानंतर तंबाखूमुळे जखम भरून येण्यास होणारा अडथळा, असा आजचा विषय आहे. दोन्ही गोष्टी आपल्याकडे झाकून ठेवल्या जातात. त्या झाकल्यामुळे काय घडते, हे आम्ही पाहिले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. अशी शस्त्रक्रिया म्हणजे श्रीमंतांची हौस, असे पुष्कळांना वाटते. हौसेने येणाऱ्या स्त्रिया आहेत, नाही असे नाही. आणि हौस हा काही गुन्हा नव्हे. परंतु वक्षाचा भार अतोनात असल्यामुळे मान आणि पाठ रात्रंदिवस दुखते, आतल्या कपड्याच्या पट्ट्यांनी खांद्यांवर खाचा पडतात, उन्हाळ्यात घडीखालची कातडी सोलवटून निघते, अशाही स्त्रिया आमच्याकडे येतात. काहींचा एक स्तन कर्करोगामुळे काढलेला असतो. तो पुन्हा घडवायचा, तर दुसराही त्याच्या जोडीचा करावा लागतो. सिलिकोनची पिशवी बसवून स्तनाचा आकार वाढविण्याची शस्त्रक्रिया प्रथम १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे क्रोनिन आणि गेरो या शल्यवैद्यांनी केली. हेतू कोणताही असो, कातडी आणि मांस यांना तो समजत नाही. त्यांना रक्त मिळाले तर ती जगतात, न मिळाले तर मरतात.

हा नियम आपल्या पुण्याला फार पूर्वीपासून ठाऊक होता. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र छापून आले. इंग्रज फौजेतील कावसजी नावाचा एक बैल हाकणारा टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात छाटण्यात आला. सुमारे वर्षभर बिननाकाने काढल्यानंतर पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले. मेणाचा नमुना करून तो कपाळावर पसरावयाचा, तेवढी कातडी सोडवून खाली वळवावयाची आणि नाकाच्या जागी बसवावयाची, अशी ती रीत होती. पट्टीवर औषध म्हणून पाण्यात कालवलेला कात होता! पण त्या कारागिराचे खरे शहाणपण आणखी एका गोष्टीत होते. दोन भुवयांच्या मधोमध कातडीचा एक चिंचोळा देठ त्याने कापलाच नाही. त्या देठातून नव्या नाकाला रक्त मिळत राहिले, आणि ते जागेवर रुजल्यावर, सुमारे पंचविसाव्या दिवशी, देठ कापला गेला. हे वाचून लंडनच्या कार्प्यू नावाच्या शल्यवैद्याने १८१४ साली तीच शस्त्रक्रिया तिकडे केली. आजच्या पुनर्रचनेच्या शल्यशास्त्राचा एक मोठा प्रवाह असा आपल्या गावावरून गेलेला आहे.

आता हा देठ ध्यानात ठेवा. स्तनाचा आकार कमी करताना आम्ही मधले जड मांस आणि जादा कातडी काढून टाकतो, आणि स्तनाग्र वरच्या बाजूस नेऊन बसवितो. ते सुटे करून नव्हे, तर मांसाच्या एका देठावर तसेच जिवंत ठेवून. मग उरलेली कातडी त्याभोवती आवळून शिवतो. पुष्कळदा टाक्यांची रेघ स्तनाग्राभोवती, तेथून सरळ खाली, आणि मग खालच्या घडीत आडवी जाते; इंग्रजी ‘टी’ अक्षर उलटे ठेवल्यासारखी. उभी आणि आडवी रेघ जेथे मिळते तो तिठा सर्वांत नाजूक. तेथे कातडीवर ताण सर्वांत अधिक आणि रक्त सर्वांत कमी. जखम उसवायची तर बहुधा तेथेच उसवते.

अशा वेळी रोगी सिगारेट ओढीत असेल तर काय होते? धुरातील निकोटीन बारीक रक्तवाहिन्यांना आकुंचित करते. म्हणजे देठातला पाट मुळात चिंचोळा, त्यात आपणच बांध घालावयाचा. दुसरा शत्रू कार्बन मोनॉक्साइड हा वायू. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. पण हा वायू त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने चिकटतो. टांग्यात आधीच दुसरा उतारू बसला, तर आपला पाहुणा फाट्यावरच उभा राहणार! शिवाय जखमेत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे बळ कमी होते, आणि जखमेचे काठ सांधणारे कोलॅजेन नावाचे सूत नीट कातले जात नाही. एका सिगारेटीनंतर कातडीखालील प्राणवायू अर्धा तास ते पाऊण तास, कधी त्याहून थोडा अधिक वेळ, उतरलेला राहतो, असे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मोजले गेले. कोणी दिवसाकाठी दहा सिगारेटी ओढीत असेल, तर निदान पाच तास त्याची जखम उपाशी राहते, हा साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे.

हे केवळ तर्क नव्हेत. चेहऱ्याची कातडी ताणून घेणाऱ्या रोग्यांची पाहणी अमेरिकेत १९८४ साली प्रसिद्ध झाली. कातडी काळी पडून गळण्याचा धोका धूम्रपान करणाऱ्यांत सुमारे बारा पट आढळला. डेन्मार्कमध्ये गुडघा आणि खुबा बदलावयाच्या १२० रोग्यांचे दोन गट पाडून, एका गटाला सहा ते आठ आठवडे आधीपासून धूम्रपान सोडण्यास मदत केली. २००२ साली निष्कर्ष छापले गेले. ज्यांना मदत मिळाली नाही त्यांच्यात शेकडा ५२ जणांना काही ना काही उपद्रव झाला; ज्यांना मिळाली त्यांच्यात शेकडा १८ जणांना. त्याच देशात निरोगी स्वयंसेवकांच्या कातडीवर मुद्दाम छोट्या जखमा करून पाहिल्या. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात, ओढणाऱ्यांच्या जखमांपैकी शेकडा १२ जखमा चिघळल्या. कधीही न ओढणाऱ्यांच्या शेकडा २. आणि आनंदाची गोष्ट ही की, चार आठवडे सिगारेट सोडलेल्यांच्या जखमा चिघळण्याचे प्रमाण खाली आले. म्हणजे वाट बंद झालेली नसते. महिन्याभराने ती पुन्हा खुली होऊ लागते.

आता आमचीच एक चूक सांगतो. नाव-गाव सांगणार नाही. चाळिशीच्या आतल्या, नोकरी करणाऱ्या एक बाई वक्षाचा भार कमी करून घेण्यास आल्या. सोबत सासूबाई होत्या. आम्ही नेहमीचे प्रश्न विचारले: रक्तदाब आहे का, मधुमेह आहे का, धूम्रपान करता का? बाई म्हणाल्या, ‘‘नाही.’’ आम्ही कागदावर ‘नाही’ लिहिले. शस्त्रक्रिया ठीक झाली. नवव्या दिवशी पट्टी काढली तेव्हा तिठ्यावरची कातडी काळसर दिसली, आणि पुढल्या आठवड्यात टाके उसवले. जखम भरून यायला अडीच महिने लागले. व्रण रुंद राहिला. एके दिवशी पट्टी बदलताना खोलीत दुसरे कोणी नव्हते. तेव्हा बाई म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, कचेरीच्या मागे मी रोज सहा-सात सिगारेटी ओढते. घरी आल्यावरही गच्चीवर एखादी होते. त्या दिवशी सासूबाईंपुढे कशी बोलणार?’’

दोष त्यांचा की आमचा? आम्ही पुष्कळ विचार केला, आणि दोष आमच्याच पदरी घेतला. जो प्रश्न एकांतात विचारावयाचा, तो आम्ही घरच्या माणसांदेखत विचारला आणि खऱ्या उत्तराची अपेक्षा केली. पुढे बाईंनी स्वतःच धीर करून सासूबाईंना सांगितले. त्या माउली रागावतील अशी आमची अटकळ होती. त्या आमच्याकडे येऊन म्हणाल्या, ‘‘अहो डॉक्टर, मला विचारलं असतंत तर मी तरी कुठं खरं सांगितलं असतं? मी तीस वर्षं मशेरी लावते. पण ते का धूम्रपान?’’

या एका वाक्याने आमचे डोळे उघडले. आपल्या देशात २०१६-१७ मध्ये तंबाखूची मोठी पाहणी झाली. तीत प्रौढ स्त्रियांपैकी शेकडा २ जणी धूम्रपान करणाऱ्या आढळल्या; पण बिनधुराची तंबाखू घेणाऱ्या शेकडा १२.८. ‘धूम्रपान करता का?’ एवढेच विचारणारा डॉक्टर, सहांपैकी निदान पाच जणींना प्रश्नाबाहेरच ठेवतो! मशेरी म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखूच. तीत धुराचा वायू नसेल, पण निकोटीन हिरड्यांतून रक्तात उतरतेच. गुटखा, तपकीर, पानातली तंबाखू यांची गोष्ट तीच. म्हणून आता आम्ही विचारतो, ‘‘तंबाखू कोणत्या रूपात घेता?’’ आणि तेही सोबतच्या मंडळींना बाहेर बसवून.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. शस्त्रक्रियेपूर्वी निदान चार आठवडे आणि नंतर निदान चार आठवडे तंबाखू पूर्ण बंद ठेवावी. ‘दहाच्या दोन केल्या’ हे पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली चार आठवड्यांची हीच शिफारस केली, आणि पुढचा प्रत्येक आठवडा लाभाचाच असे सांगितले. निकोटीनच्या पट्ट्या आणि गोळ्या सवय सोडवण्यास उपयोगी आहेत. परंतु त्यांतही निकोटीन आहे, तेव्हा अशा शस्त्रक्रियेच्या सुमारास त्या आपल्या शल्यवैद्यास विचारल्यावाचून वापरू नयेत. नवरा किंवा मुलगा घरात सिगारेट ओढीत असेल, तर त्याने तेवढे दिवस तरी घरात ओढू नये. शस्त्रक्रियेनंतर स्तनाग्र काळेनिळे दिसले, टाक्यांची कड काळवंडली, स्राव किंवा ताप आला, तर घरचे लेप लावीत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांस कळवावे. सवय सुटत नसेल तर सरकारची १८००-११२-३५६ ही मोफत दूरध्वनी-सेवा आहे. तिचा उपयोग करावा.

आणि सवय सुटली नाहीच, तर? तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी. ही काही फुटलेल्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया नव्हे की आजच झाली पाहिजे. चार-सहा महिने थांबल्याने काही बिघडत नाही. न थांबल्याने आयुष्यभराचा व्रण पदरी पडू शकतो. डॉक्टर ‘थांबा’ म्हणाले तर तो अपमान समजू नये.

त्या बाई वर्षभराने भेटल्या. पाठदुखी थांबली होती. व्रणाची त्यांना खंत होती, ती त्यांनी लपविली नाही. सिगारेट त्यांनी सोडली होती, आणि सासूबाईंनी मशेरीची डबी सुनेच्या हवाली केली होती. ती डबी अधूनमधून परत मागितली जाते, असेही त्या हसत म्हणाल्या. आम्हांला ते ऐकून बरे वाटले, कारण निदान त्या घरात आता ही गोष्ट बोलली जात होती.

आपणांस आमची विनंती एवढीच. आपल्या घरातील कोणी स्त्री उद्या अशा शस्त्रक्रियेस निघाली, तर तिला हसू नका. आणि ती डॉक्टरांशी बोलत असताना पाच मिनिटे बाहेर बसा. तेवढ्या पाच मिनिटांत ती खरे सांगू शकेल.