धाकट्या जाऊचा प्रबंध
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, लोणच्यावर बोलते. त्या म्हणाल्या, लोणच्यावर गेल्या वर्षी दोघी बोलल्या. तुमच्या घरी पीएच.डी.चा प्रबंध लिहिला गेला, त्यावर बोला. मी सातवी शिकलेली. विद्यापीठातल्या मार्गदर्शकांविषयी मी बोलावे म्हणजे लहान तोंडी मोठा घास. पण प्रबंध ज्या घरात लिहिला जातो तिथली चूल सांभाळणारीला थोडेफार दिसतेच.

माझी धाकटी जाऊ २०२२ साली आमच्या घरी आली. तिचे नाव त्याआधी दोन वर्षे माहेरकडच्या विद्यापीठात दाखल झालेले होते. विषय ज्वारीवरची खोडमाशी. शेजारच्या आजींनी मला विचारले, ‘डॉक्टर होणार म्हणजे गुडघ्याला औषध देईल का?’ मी म्हटले, गुडघ्याला नाही, ज्वारीला. ही माशी कोवळ्या रोपाच्या पानाखाली अंडी घालते, अळी आत शिरून वाढणारा कोंब कुरतडते आणि मधला पोंगा वाळून जातो. आपल्याकडचे शेतकरी त्याला पोंगेमर म्हणतात.

आता मार्गदर्शकांचे काम काय, ते मला या माशीमुळेच कळले. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. जाऊने २०२१ च्या जूनमध्ये प्रयोगाचा आराखडा तिच्या सरांकडे दिला. सरांनी तो टेबलावर ठेवला. ती आठवड्याला फेरी घालायची. सर म्हणायचे, बघतो. मध्ये सरांची बँकेची कामे केली, त्यांच्या परीक्षेच्या पेपरांची बेरीज केली. आराखडा परत आला नोव्हेंबरात, आणि त्यावर दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलेले होते. पेरणी होऊन गेली होती. माशी काही सरांच्या सवडीसाठी थांबत नाही. मुलीचे एक वर्ष गेले.

सरांचीही बाजू मी ऐकली आहे. त्यांना वर्ग असतात, मीटिंगा असतात. नियमाप्रमाणे प्रोफेसरांकडे एका वेळी ८ विद्यार्थी, असोसिएट प्रोफेसरांकडे ६ आणि असिस्टंट प्रोफेसरांकडे ४, याहून अधिक घेता येत नाहीत. म्हणजे परातीत मावेल तेवढीच कणीक भिजवावी, हे सरकारलाही ठाऊक आहे. पण मावेल तेवढी घेतली की ती मळायलाही हवी ना!

सरांना बोल लावला, आता माझे सांगते. दर सहामाहीला विद्यार्थ्याने सल्लागार समितीपुढे उभे राहून काय काम झाले ते सांगायचे असते. लग्नानंतरची तिची पहिली तारीख आणि आमच्याकडचा सत्यनारायण एकाच दिवशी आला. ती घुटमळत म्हणाली, ‘ताई, मी सकाळच्या गाडीने जाऊन रात्री येऊ का?’ मी म्हटले, ‘पन्नास माणसे जेवायला, आणि तू गाडीत? पुढच्या महिन्यात जा.’ ती काही बोलली नाही. पुरणाच्या पोळ्या लाटत बसली. समितीने तिच्या कागदावर काम असमाधानकारक असल्याचा शेरा मारला. तो कागद तिने मला दाखवला नाही; धाकट्या भाऊजींच्या पँटचे खिसे तपासताना माझ्या हाती लागला. त्या रात्री मला झोप आली नाही.

त्यानंतर आम्ही सारे धरूनच चाललो होतो की लग्न झाले, गाव बदलले, प्रबंध संपला. तिच्या सरांनीही तसेच म्हटले. पण इथल्या कॉलेजातल्या एका बाई भाजी घेताना भेटल्या आणि म्हणाल्या, असे नाही. लग्नामुळे किंवा दुसऱ्या कारणाने गाव सोडावे लागलेल्या मुलीला आपले संशोधन नव्या गावच्या विद्यापीठात नेता येते. काही अटी आहेत, जुन्या मार्गदर्शकांना व संस्थेला त्यांचे श्रेय द्यावे लागते, एवढेच. ही सोय २०१६ च्या नियमांत होती आणि २०२२ च्या नव्या नियमांतही आहे. मुदत सहा वर्षांची, पण बायकांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. बाळंतपणासाठी व मुलासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही आहे. भगिनींनो, हे लिहूनच घ्या. तुमच्या सुना-मुलींना कोणी सांगेलच असे नाही.

त्याच बाई पुढे तिच्या मार्गदर्शक झाल्या. फार कडक. पहिले प्रकरण पंधरा दिवसांत परत आले, आणि पानापानावर तांबडी शाई. जाऊ रडली. मला वाटले, ह्या तर सरांहून वाईट! पण ती डोळे पुसून म्हणाली, ‘ताई, ह्यांनी सगळे वाचले आहे हो.’ २०२३ आणि २०२४, दोन्ही रब्बी हंगाम बाई स्वतः वावरात येऊन रोपे मोजून गेल्या. लिहून मात्र एक ओळही दिली नाही.

कमला सोहोनींचे नाव तुम्ही ऐकले असेल. दुर्गाबाई भागवतांची बहीण. १९३३ साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी, बाई म्हणून, त्यांना आधी नाकारले. त्या हटून बसल्या, तेव्हा एक वर्षाच्या कसोटीवर घेतले. तिथे श्रीनिवासय्या नावाचे शिस्तीचे शिक्षक त्यांना लाभले. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट त्यांनी मिळवली. तेव्हा दारच बंद होते. आता दार उघडे आहे, पण आत गेलेल्या मुलीचे कागद वाचायला कोणीतरी हवे, आणि घरी तिची गाडी चुकवणारी जाऊ नको.

मी शनिवारी रात्री तिला विचारायची, किती पाने झाली? कळत काही नव्हते, पण विचारायची. कधी म्हणायची चार, कधी म्हणायची एकही नाही. सकाळच्या भाकऱ्या मी माझ्याकडे घेतल्या. सासूबाई आधी कुरकुरल्या, मग स्वतःच लसूण सोलून ठेवू लागल्या.

प्रबंध दाखल झाला आहे. बाहेरच्या परीक्षकांचे अभिप्राय आले आणि तोंडी परीक्षा येत्या महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी ठरली आहे. त्याच दिवशी मंडळाच्या हळदीकुंकवाच्या फराळाची पाळी माझी आहे. मला तिच्याबरोबर जायचे आहे. कोणी पाळी बदलून घेईल का? चिवडा मी आदल्या दिवशी करून देईन.