वर्गणी आणि ग्रंथाचे स्वामित्व



‘वर्गणी’ हा शब्द इंदूरच्या मराठी समाजाला नवा नाही. गणेशोत्सव, नाट्यप्रयोग, वाचनालये या साऱ्यांचे पोषण तिच्यावरच झाले. ज्या नगरीत १९१७, १९३५ आणि २००१ साली मराठी साहित्य संमेलने भरली, तेथील वाचनप्रेमाची वेगळी साक्ष देण्याचे कारण नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक १९०९ साली निघाला. पुढे दिवाळी अंकांची संख्या वाढत गेली, तेव्हा ते सारे विकत घेणे सामान्य गृहस्थास शक्य नव्हते. ही उणीव वाचनालयाच्या अल्प वर्गणीने भरून काढली.

आज हाच शब्द भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पदोपदी भेटतो. वृत्तपत्र, संगीत, चित्रपट, पुस्तक, प्रत्येकाची वर्गणी निराळी आणि परवलीचा शब्दही निराळा. मुदत संपली की रक्कम खात्यातून आपोआप वळती होते. १ ऑक्टोबर २०२१ पासून अमलात आलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा कपातीची सूचना किमान २४ तास आधी मिळते. मात्र संदेशांच्या गर्दीत ती वाचतो कोण?

खर्चापेक्षाही गंभीर प्रश्न स्वामित्वाचा आहे. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीच्या काही प्रती ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर पुसून टाकल्या. विक्रेत्याकडे हक्क नव्हते, हे त्याचे कारण. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचे दुकान बंद केले आणि विकत घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. दोन्ही वेळा पैसे परत मिळाले. ग्रंथ मात्र गेले. ग्रंथालयाच्या वर्गणीतून घेतलेले पुस्तक वर्गणीदाराच्या पश्चातही कपाटात राहते आणि त्याच्या नातवंडांच्या हाती पडते.

नव्या माध्यमांचे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पुण्या-मुंबईची वृत्तपत्रे इंदुरात पहाटेच वाचता येतात. दृष्टी मंदावलेल्या वृद्धास अक्षर मोठे करून घेता येते. परंतु त्या सोयीपायी ग्रंथालयाची वर्गणी थांबवणे परवडणारे नाही. महाराष्ट्राचा १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा त्या राज्यापुरता आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना शासकीय उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना विद्वत्नियतकालिके पुरवते. मराठी कादंबरी वा दिवाळी अंक शोधणारा इंदूरचा सामान्य वाचक या दोन्हींच्या कक्षेबाहेर राहतो. त्याचा आधार सभासदांची वर्गणी हाच आहे.

शताब्दीच्या निमित्ताने प्रत्येक सभासदाने घरातील साऱ्या वर्गण्यांचा एकदा हिशेब मांडावा. न पाहिलेल्या, न वाचलेल्या एखाद्या वर्गणीचे पैसे वाचले, तर त्यातून घरातील तरुणाच्या नावे ग्रंथालयाचे सभासदत्व घ्यावे.