सुपर ओव्हरवाला मुंबईकर आणि अमेरिकेचं क्रिकेट

चेंबूरमधून आजचा छोटा एपिसोड.

आपल्या अणुशक्तीनगरात वाढलेला सूर्यकुमार सगळ्यांना माहितीये. १२ जून २०२४ ला न्यूयॉर्कमध्ये, टी-२० वर्ल्ड कपात, त्याच्यासमोर अमेरिकेच्या जर्सीत एक मुंबईकरच होता. सौरभ नेत्रावळकर. २०१० चा अंडर-१९ वर्ल्ड कप भारताकडून खेळलेला, मुंबईसाठी रणजी खेळलेला. २०१५ मध्ये तो शिकायला अमेरिकेत गेला, तिथेच सॉफ्टवेअरची नोकरी धरली आणि क्रिकेटही सोडलं नाही. त्या दिवशी त्याने विराट आणि रोहित, दोघांनाही आऊट केलं. त्याआधी ६ जूनला त्याच्याच सुपर ओव्हरमध्ये पाकिस्तान हरलं होतं.

भारी ना? पण आता त्या मैदानाकडे बघा. स्टेडियम तात्पुरतं. खेळपट्ट्या फ्लोरिडात तयार करून ट्रकने आणलेल्या. भारताची ती मॅच संपली आणि स्टेडियम सोडवायला घेतलं. टीममधलेही बरेच जण दुसऱ्या देशात क्रिकेट शिकून आलेले.

गंमत म्हणजे अमेरिका-कॅनडा मॅच न्यूयॉर्कमध्येच १८४४ साली झाली होती! पुढे बेसबॉलने क्रिकेटला मागे टाकलं. म्हणजे एकदा आलेला खेळ टिकतोच असं नाही. आपल्याकडे तो टिकला कारण इथे हॅरिस शील्ड आहे, मैदानं आहेत, गल्लीत स्टंप म्हणून उभी केलेली वीट आहे.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट असणार आहे. पण माझ्यासाठी खरा स्कोअर वेगळा: तिथल्या शाळेतल्या किती मुलामुलींनी हातात बॅट घेतली?

तुम्हाला काय वाटतं? नक्की कळवा. भेटूया!